उपयोगी पडणाऱ्या आधारांचे काय करावे?

पत्र

सप्रेम सलाम. मी मेकोसाबाग परिसरात राहते आणि एका शाळेत शिक्षिका आहे. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या पतींच्या छातीत अचानक दुखू लागले. त्यांना रुग्णालयात नेले, अँजिओप्लास्टी झाली आणि आता त्यांची प्रकृती चांगली आहे. मेडिक्लेम असल्यामुळे खर्चाचा बहुतेक भार उचलला गेला. घरी परतल्यावर सर्व जण ‘देवाने राखले’ असे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. मात्र एका रात्री माझ्या लक्षात आले, की त्या सर्व दिवसांत मी विम्याच्या कागदपत्रांसाठी धावले, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले, पुण्याहून मुलाला बोलावून घेतले, प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात निरोप टाकला आणि आमच्या ओळखीच्या एक भगिनी भविष्यवाणी सांगतात त्यांनाही विचारले, पण मी स्वतः देवासमोर एकदाही बसले नाही. सगळे नीट चालले होते, त्यामुळे मला तशी गरजच वाटली नाही. हे आठवले की मन खूप खाते.

माझे दीर म्हणतात, की विमा उतरवणे हाच मुळात अविश्वास आहे. सर्व पॉलिसी मोडून ते पैसे सेवाकार्याला द्यावेत. त्यांनी स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्याही बंद केल्या आहेत आणि ‘मला काही त्रास होत नाही’ असे ते सर्वांना सांगतात. आमच्या पाळकांनी एका उपदेशात सांगितले, की देवाची जागा रोजच्या गोष्टींना देऊ नका. पण माझ्याकडे वाईट म्हणावे असे काहीच नाही. मग मी नेमके काय सोडू? सध्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि त्याविषयीही मी त्या भगिनींना विचारणार होते, पण आता हात थांबला आहे.

एक भगिनी, नागपूर

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तुमच्या दिरांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ती गोष्ट थांबण्यासारखी नाही. मधुमेहाची औषधे डॉक्टरांना न विचारता बंद केली की रक्तातील साखर वाढत जाते, आणि डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदय यांची हानी बराच काळ काहीही न जाणवता होत राहते. त्यामुळे ‘मला त्रास होत नाही’ हे त्यांचे म्हणणे बरे झाल्याचा पुरावा ठरत नाही. त्यांना याच आठवड्यात तपासणीसाठी घेऊन जा, आणि तुमचे ऐकत नसतील तर तुमच्या पाळकांना सोबत घ्या. पौलाने कलस्सै येथील मंडळीला लिहिताना लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे. हिज्कीया राजा मरणोन्मुख असताना तो बरा होईल हे वचन देवाकडून आलेले होते, तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. वचन आणि औषध यांच्यात त्या संदेष्ट्याला कोणताही विरोध दिसला नाही. आपल्या नागपुरात मूर मेमोरियल रुग्णालय मिशनच्या कामातूनच उभे राहिले, आणि त्यामागे असलेली माणसे अविश्वासू होती असे तुमचे दीरही म्हणणार नाहीत.

पॉलिसींविषयीही माझे मत स्पष्ट आहे: त्या मोडू नका. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे कठोर शब्द पौलाने तीमथ्याला लिहिले आहेत. शिवाय हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाचा मेडिक्लेम एकदा खंडित झाला, की नवीन पॉलिसी घेताना त्या आजारासाठी पुन्हा प्रतीक्षाकाळ लागू होतो. मग पुढचा खर्च तुमच्या मुलांवर किंवा मंडळीतील लोकांवर येतो, आणि याला विश्वास म्हणता येणार नाही. देवकार्याला देणगी अवश्य द्या, पण ती तुमच्या मनाने आणि आनंदाने ठरवलेली असावी. दुसऱ्या कोणाच्या दटावणीने दिलेले दान पवित्र शास्त्राला मान्य नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘माझ्याकडे वाईट म्हणावे असे काहीच नाही, मग मी काय सोडू?’ असे तुम्ही विचारता. देवाची जागा घेणाऱ्या गोष्टी फसव्या असतात आणि शेवटी तोंडघशी पाडतात, असे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, की जी गोष्ट चांगली आहे आणि वेळेला कामी येते ती देवाची जागा घेऊ शकेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. माझी समजूत याच्या उलट आहे. विश्वासात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत ही जागा बहुधा कामी येणाऱ्या गोष्टीच घेतात. ज्या आधाराने दगा दिला त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. ज्याने साथ दिली त्याच्याकडे पुन्हा जातो, मग आधी त्याच्याकडे जाऊ लागतो, आणि एक दिवस असा येतो की केवळ त्याच्याकडेच जातो. त्या दिवशी आपल्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण काम झालेले असते.

यहूदाच्या आसा राजाचे चरित्र या दृष्टीने वाचा. ते इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात चौदाव्या अध्यायापासून सोळाव्या अध्यायापर्यंत आले आहे. राज्याच्या सुरुवातीच्या शांततेच्या काळात आसाने नगरांना तट, बुरूज, वेशी आणि अडसर बांधले, मोठे सैन्य उभारले, आणि त्याबद्दल शास्त्र त्याला कोठेही दोष देत नाही. उलट देवाने दिलेल्या विसाव्याचा तो योग्य उपयोग होता असेच तेथे सूचित होते. मग कूशी जेरह दहा लाखांचे सैन्य घेऊन चालून आला. तेव्हा तट-बुरूज असतानाही आसाने देवाचा धावा केला, की बलवान आणि दुर्बल यांच्या झगड्यात साहाय्य करणारा तुझ्यावाचून कोणी नाही, आमची भिस्त तुझ्यावर आहे. तो विजयी झाला. यानंतर कितीतरी वर्षांनी, त्याच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी, इस्राएलच्या बाशा राजाने रामा येथे तटबंदी उभारून यहूदाची नाकेबंदी सुरू केली. हे संकट आधीच्या मानाने लहान होते. आसाने मंदिराच्या आणि राजवाड्याच्या भांडारातील सोने-रुपे काढले, ते दिमिष्कात अरामाच्या बेन-हदाद राजाकडे पाठवले आणि त्याला बाशावर हल्ला करायला लावले.

हा डाव पूर्णपणे यशस्वी झाला, आणि याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. बेन-हदादाने इस्राएलची नगरे मारली, बाशाने रामाचे काम सोडून दिले, आणि आसाच्या लोकांनी तेथील दगड-लाकूड उचलून आणून स्वतःची दोन गावे मजबूत केली. माणसाच्या हिशोबाने पाहिले तर आसाला स्वतः न लढता प्रश्न सुटला होता. अशा यशाच्या वेळी हनानी द्रष्टा राजाकडे आला आणि त्याने सांगितले, की तू अरामाच्या राजावर भिस्त ठेवलीस, परमेश्वरावर ठेवली नाहीस. ज्यांचे मन देवाकडे पूर्णपणे लागलेले आहे त्यांचे साहाय्य करण्यासाठी परमेश्वराची दृष्टी सर्व पृथ्वीवर फिरत असते. आसाला इतका राग आला की त्याने द्रष्ट्याला तुरुंगात टाकले. तीन वर्षांनी त्याच्या पायांना रोग झाला आणि तो फार वाढला, तेव्हाही त्याने परमेश्वराचा शोध न करता केवळ वैद्यांचा आश्रय केला. येथे दोष वैद्यांकडे जाण्याचा नाही. ज्या माणसाने एकदा दहा लाखांच्या सैन्यासमोर देवाला हाक मारली होती, त्याला आता अंथरुणावर पडल्यावरही ती हाक मारण्याची आठवण होत नाही, ही या गोष्टीतील शोकांतिका आहे. त्याने तरुणपणी बांधलेल्या तट-बुरुजांनी हे घडवले नव्हते. देवाला न विचारता काम होऊ शकते हा अनुभव त्याला मिळाला, आणि त्या अनुभवाने हे घडवले.

ताई, तुमच्या पत्रातील ‘सगळे नीट चालले होते, त्यामुळे गरजच वाटली नाही’ हे वाक्य वाचून मला आसा आठवला. पण तुमच्यात आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे: त्याला कोणीतरी दाखवून दिले तेव्हा तो चिडला, तुमच्या लक्षात ते आपोआप आले आणि तुम्ही पत्र लिहिलेत. मन खाते आहे याची भीती बाळगू नका. आणि तुम्ही प्रार्थना केली नाही म्हणून त्या दिवसांत देव दूर राहिला, असाही निष्कर्ष काढू नका. आपल्याला योग्य प्रकारे प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे पौल रोमकरांस लिहितो. तुमच्या पतीचे प्राण तुमच्या प्रार्थनेच्या संख्येवर टांगलेले नव्हते. तुम्ही गमावले ते एवढेच, की ज्या रात्री देव तुमच्या शेजारी होता त्या रात्री तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत.

नागपूरकरांना हे एका उदाहरणाने सांगता येईल. आपल्या शहराला पाण्याचा मोठा पुरवठा पेंच प्रकल्पातून होतो, पण घरातला नळ सोडताना आपल्या डोळ्यांसमोर असते ती गच्चीवरची टाकी. टाकी भरलेली दिसली की आपण निश्चिंत होतो. टाकी बसवण्यात काही चूक नाही, परंतु टाकीत पाणी उत्पन्न होत नाही. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांवर दोन अपराधांचा आरोप ठेवतो: त्यांनी जिवंत पाण्याच्या झऱ्याला सोडले, आणि स्वतःसाठी टाक्या खोदल्या, त्याही फुटक्या. यातील क्रम मला महत्त्वाचा वाटतो. झऱ्याकडे पाठ फिरवणे आधी घडले आहे, टाक्या नंतर आल्या आहेत. म्हणून केवळ टाक्या फोडून प्रश्न सुटत नाही. तुमच्या दिरांचा उपाय येथेच चुकतो: पॉलिसी मोडून आणि गोळ्या फेकून माणूस देवाकडे वळतोच असे नाही, तो ‘माझा विश्वास किती मोठा आहे’ या नव्या टाकीवर विसंबू शकतो. आपल्या विश्वासाच्या धाडसावर ठेवलेली भिस्त हीसुद्धा स्वतःवर ठेवलेली भिस्त आहे, आणि ती ओळखायला फार कठीण असते.

साठवण्याच्या बाबतीत पवित्र शास्त्रात दोन कोठारे आहेत, ती शेजारी ठेवून पाहा. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान मनुष्यानेही पीक भरपूर आले म्हणून मोठी कोठारे बांधायचे ठरवले. दोघांचे धान्य सारखे, दोघांचा हिशोब सारखा, तरी एकाला देवाने लोकांचे प्राण वाचवण्यासाठी वापरले आणि दुसऱ्याला मूर्ख म्हटले. त्या धनवानाचे बोलणे पुन्हा वाचा: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, आणि शेवटी आपल्याच जिवाला उद्देशून ‘विसावा घे’. त्या संपूर्ण विचारात तो स्वतःशिवाय कोणाशीही बोललेला नाही. देवाशी नाही, शेजाऱ्याशी नाही, शेतातल्या मजुराशी नाही. योसेफ मात्र फारोसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, की उत्तर माझ्याकडे नाही, देव देईल. तुमच्या विम्याची, भविष्य निर्वाह निधीची आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे कपाटात आहेत तशीच असू द्या. ती हाताळताना तुम्ही कोणाशी बोलता, एवढे तपासा.

पैशाविषयी याहून अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही, कारण तुमच्या पत्रात मला अधिक काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मेडिक्लेम स्वतःला देव म्हणवून घेत नाही. त्याच्यावर अटी आणि मर्यादा छापलेल्या असतात. पण ज्या गोष्टी देवाच्या नावाने आपल्या घरात येतात त्यांच्याविषयी आपण सावध नसतो. भविष्यवाणी सांगणाऱ्या भगिनी, गटात शंभर जणांनी टाकलेले जोडलेले हात, मोबाइलवर रोज सकाळी येणारे वचन, अभिषेकाच्या तेलाची बाटली, चार पिढ्यांचे ख्रिस्तीपण, हे सर्व देवाच्या इतके जवळचे दिसते की त्यांना स्पर्श केला म्हणजे देवालाच स्पर्श केला असे वाटू लागते. ते वापरताना आपण प्रार्थना टाळत आहोत हे ध्यानातच येत नाही, कारण ओठांवर सतत प्रार्थनेचाच विषय असतो.

शास्ते या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मीखा नावाचा एक माणूस आहे. त्याने घरात स्वतःचे देवघर केले, आणि योगायोगाने एक तरुण लेवी, म्हणजे देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस, तेथे आला तेव्हा वर्षाला दहा शेकेल वजनाची चांदी, कपड्यांचा जोड आणि जेवण एवढ्या बोलीवर त्याला पुरोहित म्हणून ठेवून घेतले. मग तो म्हणाला, की आता परमेश्वर माझे कल्याण करील याची मला खात्री वाटते, कारण लेवी माझा पुरोहित आहे. मीखाला देव नको होता असे नाही. त्याला देवाशी स्वतः बोलावे न लागता देवाची खात्री हवी होती. पुढच्याच अध्यायात दानाच्या वंशाच्या लोकांनी त्या लेव्याला अधिक चांगल्या जागेचे आमिष दाखवले आणि तो आनंदाने निघून गेला. तुमच्या ओळखीच्या भगिनींच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही, त्या प्रामाणिक असतील. प्रश्न असा आहे, की प्रत्येक निर्णयाच्या आधी तुम्ही त्यांना फोन करता तेव्हा तुम्हाला देवाची इच्छा जाणून घ्यायची असते, की अनिश्चिततेचा तो अस्वस्थ काळ लवकर संपवायचा असतो? देवावर अवलंबून राहण्यात उत्तर न मिळालेले दिवसही येतात. ते दिवस कोणीतरी आपल्याला वजा करून द्यावेत, अशी आपली अपेक्षा असते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इस्राएलचे वडील असेच वागले. पलिष्ट्यांकडून पराभव झाल्यावर त्यांनी देवाला कारण विचारले नाही. शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणांगणावर आणला आणि सर्वांनी असा जयघोष केला की जमीन दणाणली. त्या दिवशी तीस हजार पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला. कोश खरा होता, देवाच्या आज्ञेने केलेला होता. मोशेने रानात उभारलेला पितळेचा सापही देवाच्याच आज्ञेने केलेला होता आणि त्याच्याकडे पाहून साप चावलेले लोक वाचले होते. कितीतरी शतकांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. देवाने एकदा ज्या साधनाने मदत केली त्या साधनालाच आपण धरून बसतो, आणि ज्याने मदत केली त्याच्याशी बोलणे थांबते.

चार पिढ्यांच्या ख्रिस्तीपणाविषयी येथे दोन शब्द लिहितो, कारण आपल्या शहरात हा आधार फार मजबूत आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात झाली. सदरची कॅथीड्रले, मिशनच्या शाळा आणि आपल्या आजी-आजोबांच्या साक्षी हा आपला मोलाचा वारसा आहे. परंतु ‘अब्राहाम आमचा पिता आहे’ असे मनात म्हणू नका, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने नदीकाठी सांगितले तेव्हा त्याच्यासमोर जुन्या धार्मिक घराण्यांतील माणसेच उभी होती.

हिस्लॉप यांचे नाव आलेच आहे तर आणखी एक सांगतो. ते उपदेशक होते, शिक्षक होते आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासकही होते. विदर्भातील खडक आणि जीवाश्म यांवर त्यांनी बारकाईने काम केले. देवावर विसंबणाऱ्या माणसाने बुद्धी बाजूला ठेवावी, असे त्यांना कधी वाटले नाही. आणि १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. देवावर अवलंबून राहणाऱ्याचे काहीही वाईट होत नाही, असे जर कोणी तुम्हाला शिकवत असेल तर ते शास्त्राचे शिक्षण नव्हे. तसे असते तर देव हीच सर्वांत मोठी पॉलिसी ठरली असती, आणि आपण त्याच्यावर प्रेम न करता केवळ त्याचे हप्ते भरत राहिलो असतो. पौलाच्या शरीरातील काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले.

परिश्रम आणि विसंबणे हे एकत्र कसे नांदतात हे पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंचे काम आठवा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना आपल्यासोबत घेऊन गेल्या. केडगावला मुक्ती सदनात त्यांच्यासाठी अन्न, वस्त्र आणि निवारा यांची सोय केली. तेथे प्रार्थना होत असे, आणि तेथेच विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम शिकवले गेले, छापखाना चालला. पाण्यासाठी प्रार्थना करणाऱ्या हातांत कुदळ असणे त्यांना विसंगत वाटले नाही.

आता तुम्ही काय करावे, ते सांगतो. मोठा संकल्प करू नका. रोज पहाटे दोन तास प्रार्थना करीन असे आज ठरवाल तर पंधरवड्यात तोच संकल्प तुमचा आधार बनेल, आणि तो मोडला की पुन्हा मन खाईल. क्रम बदलण्यापासून सुरुवात करा. नहेम्याला अर्तहशश्त राजाने ‘तुझी विनंती काय आहे’ असे विचारले, तेव्हा राजाचा प्रश्न आणि स्वतःचे उत्तर यांच्यामधल्या क्षणात त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. ती प्रार्थना किती लहान असेल याची कल्पना करा. राजाला ती जाणवलीही नसावी. रुग्णालयाच्या दारात विम्याचे कार्ड काढताना, डॉक्टरांचा क्रमांक शोधताना, ‘प्रभू, तुझ्यावाचून माझे कोणी नाही, या माणसांच्या हातून तूच काम कर’ एवढे म्हणायला कोणतीही एकांताची जागा लागत नाही. त्याच नहेम्याने पुढे शत्रूंचा कट कळल्यावर देवाची प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत, आणि प्रार्थना आधी आली आहे.

दुसरे असे, की घडून गेलेल्या गोष्टींबद्दल आता आभार माना, आणि ते मोघम मानू नका. तुम्ही आणि तुमचे पती एखाद्या संध्याकाळी सोबत बसा आणि त्या दिवसांत कोणकोण मदतीला आले ते आठवा: रात्रपाळीची परिचारिका, रिक्षावाला, अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर, विम्याचे कागद पूर्ण करून देणारा कारकून, सुट्टी काढून आलेला मुलगा. एकेकाचे नाव घ्या आणि त्याला पाठवणाऱ्याचे आभार माना. आधारांपासून देवाकडे जाण्याचा हा मार्ग त्यांना फेकून देण्याहून खडतर आहे, कारण तो रोज चालावा लागतो. अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो, की तुम्ही जेवून तृप्त व्हाल, चांगली घरे बांधाल, आणि तेव्हा म्हणाल की हे माझ्याच हातच्या बळाने मिळाले. उपाशी माणसापेक्षा तृप्त माणसाला स्मरण अधिक लागते.

मुलीच्या लग्नाबद्दल माझा सल्ला असा आहे, की या एका निर्णयासाठी त्या भगिनींना फोन करू नका. इतरांचा सल्ला वाईट असतो म्हणून मी असे सांगत नाही. तुम्हाला देवासमोर उत्तराविना थांबण्याची सवय राहिलेली नाही, आणि ती सवय पुन्हा लावण्यासाठी ही संधी आहे. मुलाच्या घरची माहिती नीट काढा, त्याच्या मंडळीच्या पाळकांना भेटा, दोघांना बोलू द्या, वैद्यकीय आणि आर्थिक गोष्टी स्पष्ट विचारा. यहोशवाच्या नवव्या अध्यायात, जवळच राहत असून दूरदेशाहून आल्याचे सोंग करणाऱ्या गिबोनी लोकांच्या शिळ्या भाकरी आणि फाटके बुधले पाहून वडीलधाऱ्यांनी करार केला आणि परमेश्वराला विचारले नाही, असा स्पष्ट ठपका आहे. त्यांनी चौकशी केली होती, पण तेवढ्यावरच ते थांबले. म्हणून चौकशीसोबत घरी मिळून प्रार्थना करा, आणि मुलीला त्यात सामील करून घ्या. सर्वांत आधी तिला काय वाटते ते विचारा. देव आईच्या ओळखीतल्या भगिनींना सांगेल आणि जिचे लग्न आहे तिला काहीच सांगणार नाही, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. गट सोडू नका. एकमेकांसाठी प्रार्थना करा ही याकोबाची आज्ञा आहे. फक्त पुढच्या वेळी विनंती टाकण्याआधी तीच विनंती तुम्ही स्वतः देवासमोर ठेवा, मग ती टाका. आणि दुसऱ्या कोणाची विनंती आली, की जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकण्यापूर्वी थांबून त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा. तेवढा वेळ त्या क्षणी नसेल तर चिन्ह टाकू नका, संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर त्याला फोन करा.